वाकड्या पायांचे पिल्लू टाकून देऊ नका

दिवाळीच्या सुमारास उकिरड्याकडेला, खळ्यावर भटक्या कुत्रीची पिल्ले दिसू लागतात. त्यातले एखादे पोरे उचलून घरी आणतात. महिनाभर ते बागडते. मग हळूहळू लंगडू लागते, पाय धनुकलीसारखे वाकतात, उचलले की केकाटते. "याच्यावरून वारं गेलं," असे म्हणून त्याला पुन्हा वेशीबाहेर सोडले जाते. वाचकहो, हे वारे नव्हे. बहुतेक वेळा हा खाण्यातला दोष असतो आणि वेळीच लक्ष दिले तर तो बरा होतो.

हे होते कसे? पिल्लाची हाडे वाढायला कॅल्शियम व फॉस्फरस दोन्ही लागतात. कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडे जास्तच हवे. पण नुसत्या मांसात १ भाग कॅल्शियमला १५ ते २० भाग फॉस्फरस असतो. नुसती भाकरी किंवा भात यांतही कॅल्शियम फार थोडे. रक्तातले कॅल्शियम कमी पडले की गळ्यातल्या बारीक ग्रंथी ते हाडांतून ओढून घेतात. घरातले दाणे संपल्यावर बियाण्याच्या कणगीला हात घालावा, तसेच हे. हाडे आतून पोकळ होतात आणि साध्या उडीनेही मोडतात.

उन्हात बांधून हा रोग जाईल असे मानू नका. माणसाच्या कातडीत उन्हाने 'ड' जीवनसत्त्व तयार होते. कुत्र्याच्या कातडीत ते पुरेसे होत नाही. त्याला ते अन्नातूनच मिळावे लागते.

मग करावे काय? प्रथम जनावरांच्या दवाखान्यात दाखवा. दुसऱ्या रोगानेही पिल्लू लंगडते, म्हणून खात्री हवी. जंताचे औषध तेव्हाच विचारून घ्या. घरी पिल्लाला तीन-चार आठवडे लहानशा जागेत, गोणपाटावर ठेवा. उड्या, पायऱ्या, पोरांचे खेळ बंद. घट्ट पट्ट्या, कामट्या बांधू नका. मऊ हाड पट्टीच्या कडेलाच मोडते. माणसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या देऊ नका. त्यांनी पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे बिघडतात.

खाण्यात भाकरी किंवा भाताबरोबर दूध, उकडलेले अंडे, थोडे मांस द्या. अंड्याची टरफले उकळून, वाळवून, पिठासारखी बारीक करा. अशा ५ ग्रॅम पुडीत सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. ती किती द्यायची हे पिल्लाचे वजन पाहून डॉक्टर सांगतील. गुरांचे खनिज मिश्रण किंवा माशाच्या तेलाच्या गोळ्या अंदाजाने देऊ नका. 'ड' जीवनसत्त्व जास्त झाले तर विष होते. शिजवलेली हाडेही नकोत; त्यांचे अणकुचीदार तुकडे आतडे फाडतात.

आहार सुधारला की आठवड्या-दोन आठवड्यांत वेदना कमी होतात, पुढे हाडे भरतात. फार वाकलेला पाय थोडा वाकडाच राहील, पण पिल्लू चालेल. मात्र मणका मोडून मागचे पाय निर्जीव झाले असतील तर आशा थोडी. म्हणून पहिल्या लंगडण्यालाच जागे व्हा.

शेवटी एक काळजी. दुखणारे पिल्लू चावू शकते. चावले तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्या. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्यालाही पिसाळीची लस टोचा. उद्या तेच तुमच्या खळ्याची राखण करील.