पुढचा प्रश्न ठरतो तुमच्या उत्तरावरून!

जड पिशवी उचलताना अजिबात त्रास होत नाही असं सांगणाऱ्या कॅन्सर रुग्णाला ‘जेवायला, कपडे घालायला मदत लागते का?’ हे विचारण्यात काय हशील? पण रुग्णांचं जीवनमान मोजणाऱ्या क्यूएलक्यू-सी३० या प्रचलित प्रश्नावलीत शारीरिक क्षमतेचे पाचही प्रश्न सगळ्यांना सारखेच. म्हणून युरोपातल्या ईओआरटीसी या कॅन्सर-संशोधन संस्थेने ‘कॅट’ ही संगणकीय चाचणी तयार केली. शारीरिक क्षमतेच्या ३१ प्रश्नांच्या साठ्यातून संगणक उत्तरं बघत पुढचा प्रश्न निवडतो. धडधाकट माणसाला अवघड कामांचे, खंगलेल्याला रोजच्या हालचालींचे. केमोने थकलेल्या जिवाला हे बरंच! आणि खरी गंमत पुढेच आहे. दोघांना वेगळे प्रश्न येऊनही गुण एकाच मोजपट्टीवर बसतात, कारण प्रत्येक प्रश्न किती अवघड, हे अनेक देशांतल्या रुग्णांच्या उत्तरांवरून आधीच ठरवलेलं असतं.