भंगारात आलेला तो डबा : किरणोत्सारी पदार्थ पावडरीऐवजी काचेत का ठेवतात?

भंगाराचा धंदा ही आपल्या समाजातल्या कितीतरी घरांची रोजीरोटी आहे. म्हणूनच विज्ञानाचा हा धडा आम्ही आज वर्गाबाहेर आणतोय.

१९८७ साली ब्राझीलच्या गोयानिया शहरात एका सोडून दिलेल्या दवाखान्यातून दोघांनी कर्करोगाच्या उपचाराच्या मशीनचा भाग काढून नेला आणि भंगारवाल्याला विकला. आत सीझियम-१३७ चं क्लोराइड होतं, १०० ग्रॅमपेक्षाही कमी. अंधारात निळी चमकणारी ती पावडर लोकांनी कौतुकाने घरी नेली, अंगाला लावली. सहा वर्षांच्या एका मुलीने त्याच हातांनी जेवण केलं. तिच्यासह ४ जण दगावले, २४९ जणांना त्या पदार्थाची बाधा झाली.

एवढं कसं पसरलं? सीझियम क्लोराइड मिठासारखं असतं. पाण्यात विरघळतं, घामाला चिकटतं. पोलादी डबा फुटला की त्याला अडवणारं काहीच उरत नाही.

यावर आपल्या महाराष्ट्रातच उपाय निघाला. मुंबईजवळ तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या, भाभा अणुसंशोधन केंद्रात अणुकचऱ्यातून सीझियम वेगळं काढून ते वितळलेल्या काचेत मिसळतात. ही काच पोलादी नळीत ओतून सीलबंद करतात. या ‘पेन्सिली’ रक्तावर किरणांचा मारा करणाऱ्या यंत्रात वापरतात. प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या पेशंटला, किंवा जवळच्या नातेवाइकाचं रक्त देताना, असं रक्त लागतं; नाहीतर दात्याच्या पांढऱ्या पेशी पेशंटच्याच शरीरावर उलटू शकतात. नळी फुटली तरी काच पाण्यात मिठासारखी विरघळत नाही.

मात्र काचेत सीझियम तुलनेने कमी मावतं. म्हणून शास्त्रज्ञ घट्ट सिरॅमिककडे वळतात. पोल्युसाइट नावाच्या खनिजाच्या स्फटिकात सीझियम निसर्गतःच अडकलेलं असतं. तसाच पदार्थ भट्टीत बनवायचा, अशी ही कल्पना.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. काच किंवा सिरॅमिक पदार्थाला पसरू देत नाही, पण किरणं थांबवत नाही. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० चा स्रोत कापला गेला. कोबाल्ट तर धातू, तरीही एका कामगाराचा जीव गेला.

म्हणून पंख्याच्या तीन पात्यांसारखी खूण दिसली, किंवा आकाराच्या मानाने फारच जड असा शिशाचा डबा हाती आला, तर कापू नका, ठोकू नका, घरी नेऊ नका. सगळ्यांना लांब करा आणि ११२ वर पोलिसांना कळवा. सौदा बुडाला तरी चालेल, मुलंबाळं सलामत राहायला हवीत.