टागोरांमुळे मर्ढेकर थांबले

रवींद्रनाथ टागोर 1941 मध्ये वारले. तेव्हा लेखकाच्या मृत्यूनंतर 50 वर्षं हक्क राखीव राहत. म्हणजे 1991 सरताच टागोर सर्वांचे होणार होते. ते टळावं म्हणून मुदत 60 वर्षांची झाली. आणि गंमत पाहा, मूळचे सातारा जिल्ह्यातल्या मर्ढ्याचे बा. सी. मर्ढेकर 1956 मध्ये गेले. त्यांच्या हयातीत छापलेल्या कविता 2007 ऐवजी 1 जानेवारी 2017 ला मोकळ्या झाल्या. निमित्त बंगालचं, थांबला सातारा!

साताऱ्या-सांगलीतला प्राध्यापक ऑनलाइन वर्गासाठी पानं स्कॅन करतो, तेव्हा अशा किती तारखा त्यात दडलेल्या असतात! हरिपूरचे देवल, सांगलीचे खाडिलकर केव्हाच मोकळे. देवलांचं अख्खं ‘संगीत शारदा’ नाटक खुशाल चढवा. मात्र नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि टिपा ज्यांच्या, त्यांच्याच. वाटेगावच्या अण्णाभाऊंचं साहित्य 2030 मध्ये मोकळं होईल, सांगलीत जन्मलेल्या खांडेकरांचं 2037 मध्ये. ‘गीतरामायणा’त तर एकाच गाण्याला दोन तारखा: गदिमांच्या शब्दांना 2038, बाबूजींच्या चालीला 2063. ध्वनिमुद्रणाचा हिशेब आणखी वेगळा.

मग तोवर अण्णाभाऊंची ‘फकिरा’ कादंबरी शिकवायचीच नाही? छे! 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला अध्यापनाच्या ओघात कोणत्याही कृतीची प्रत काढू देतं. प्रश्नपत्रिकेतला उताराही त्यात आला. ऑक्सफर्ड, केंब्रिजसारख्या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठातल्या एका झेरॉक्सच्या दुकानाला कोर्टात खेचलं, तेव्हा 2016 मध्ये उच्च न्यायालयाने हा ओघ चांगलाच रुंद मानला. अध्यापन म्हणजे फळ्यासमोरचा तासच नव्हे, सत्रभर चालणारी सारी प्रक्रिया. आणि पानांची ठरावीक मर्यादा नाही, शिकवण्यासाठी तेवढं लागतं का, एवढंच पाहायचं. मला तर हा निकाल आपल्या शिक्षणातला मोठा दिलासा वाटतो.

पण सवलत वर्गाची आहे, गावाची नाही. नोंदणी केलेल्या विद्यार्थ्यांनाच पासवर्डने उघडणाऱ्या वर्गात ‘फकिरा’तली प्रकरणं ठेवणं या कलमाच्या आसऱ्याला बसतं. तीच पानं यूट्यूबवर किंवा खुल्या संकेतस्थळावर टाकली, की ते अध्यापन न राहता जगाला वाटप होतं, आणि तो हक्क वेगळा. तिथे हक्कधारकांची लेखी परवानगी मागायची, नाहीतर दुकानातल्या पुस्तकाचं नाव सांगून मोकळं व्हायचं.