पोलिसाविरुद्ध तक्रार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या पाड्यांवर पोलिसांबद्दल दोनच सल्ले ऐकू येतात. एक, ‘त्यांच्या नादी लागू नका’ आणि दुसरा, ‘झालं गेलं विसरा’. या भीतीला इतिहास आहे. २ जानेवारी १९४३ ला मुरबाडच्या सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. तेव्हाचा पोलीस परक्या सरकारला उत्तर द्यायचा, इथल्या माणसाला नाही. १९५० पासून राज्यघटनेच्या २१ आणि २२ व्या अनुच्छेदांनी ही स्थिती बदलली. भीती मात्र तशीच राहिली आणि तिच्या जोडीला बरीच चुकीची माहिती येऊन बसली. मारहाण सोसून घरी बसलेल्या माणसाचं खरं नुकसान ही चुकीची माहितीच करते.

सर्वांत मोठा गैरसमज असा की पोलिसाविरुद्धची तक्रार त्याच पोलीस ठाण्यात द्यावी लागते, मग ती घेणार कोण? तशी सक्ती कुठंच नाही. शहापूर, वाशिंद, किन्हवली, कसारा, मुरबाड, टोकावडे ही सगळी ठाणी ठाणे ग्रामीण पोलीस अधीक्षकांच्या हाताखाली येतात. ठाण्यानं दखलपात्र गुन्हा नोंदवायला नकार दिला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तक्रारीचा मजकूर लेखी, टपालानं थेट अधीक्षकांना पाठवता येतो. तिथंही दाद लागली नाही, तर शहापूर किंवा मुरबाडच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करून तपासाचा आदेश मागता येतो. मात्र क्रम पाळावा लागतो. आधी ठाणं, मग अधीक्षक, मग न्यायालय, आणि प्रत्येक पायरीचा कागद हाती हवा. तक्रार लोकसेवकाच्या कामाशी संबंधित असेल, तर न्यायालय आधी त्याच्या वरिष्ठांचा अहवाल मागवतं आणि त्या पोलिसाचं म्हणणंही विचारात घेतं. याला वेळ लागतो, पण हे दार उघडं आहे.

इथं हद्दीचा घोळ नीट समजून घ्यायला हवा. मुरबाडचा माणूस कामाला कल्याण-उल्हासनगरला जातो. ती शहरं ठाणे पोलीस आयुक्तांच्या हद्दीत आहेत, ग्रामीण अधीक्षकांच्या नाही. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा या स्थानकांवर किंवा लोकलमध्ये लोहमार्ग पोलिसांनी त्रास दिला, तर तक्रार मुंबई लोहमार्ग पोलीस आयुक्तांकडे जाते. आणि तो जवान आरपीएफचा असेल, तर तो केंद्राच्या रेल्वे खात्याचा असतो, राज्याच्या पोलिसांचा नव्हे. म्हणून नाव कळलं नाही तरी गणवेशावरचा बिल्ला, खांद्यावरची अक्षरं, गाडीचा क्रमांक आणि वेळ ध्यानात ठेवावी. चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज महिनोन्‌महिने तिथंच पडून राहतो.

‘आमच्या हद्दीत नाही, तिकडं जा’ हे वाक्य परमुलखात राबणाऱ्यांना सर्वांत जास्त ऐकावं लागतं. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. तिथं मालकानं किंवा पोलिसानं अन्याय केला तर ती आपल्या गावी परत येतात, आणि गावचं ठाणं त्यांना पुन्हा तिकडं पाठवतं. कायदा मात्र स्पष्ट आहे. गुन्हा कुठंही घडलेला असो, कोणतंही पोलीस ठाणं तो शून्य क्रमांकानं नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवू शकतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या ललिता कुमारी निकालानं दखलपात्र गुन्ह्याची नोंद सक्तीची केली होती. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनं तीन ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीनं १४ दिवसांच्या प्राथमिक चौकशीची मुभा दिली, पण ‘नोंदच घेणार नाही’ म्हणण्याची मुभा दिलेली नाही. तक्रारदाराला आणि पीडिताला प्रथम खबरीची प्रत फुकट मिळते.

नोंद टाळल्यावर काय होतं, ते शेजारच्या बदलापुरानं ऑगस्ट २०२४ मध्ये पाहिलं. शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या अत्याचाराची तक्रार घेऊन आलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात सुमारे बारा तास ताटकळत ठेवल्याचं समोर आलं. २० ऑगस्टला लोक रेल्वेमार्गावर उतरले. पोलीस अधिकाऱ्यांचं निलंबन झालं आणि मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. न्यायासाठी रेल्वे अडवावी लागू नये, हे खरंच. पण म्हणूनच सांगायला हवं की लैंगिक अत्याचारासारख्या ठरावीक गुन्ह्यांची नोंद न करणाऱ्या लोकसेवकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली किमान सहा महिने ते दोन वर्षांची सक्तमजुरी होऊ शकते. हे कलम क्रमांकासह अर्जात लिहावं.

कबुली काढण्यासाठी मारणं हा पोलिसांचा अधिकार आहे, असं अनेक सुशिक्षितही धरून चालतात. तो गुन्हा आहे. न्याय संहितेच्या कलम १२० खाली त्याला सात वर्षांपर्यंत, गंभीर दुखापत असेल तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अटक केलेल्याला २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. अटकेची कारणं त्याला आणि अटकेची खबर नातेवाइकाला द्यावी लागते, वैद्यकीय तपासणी करावी लागते. १९९६ च्या डी. के. बसू निकालातली ही सूत्रं आता कायद्यातच आहेत. चौकशीला बोलावलेल्या साक्षीदारांत स्त्रिया, १५ वर्षांखालची मुलं आणि ६० वर्षांवरची माणसं असतील, तर त्यांना राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही. म्हातारीला जीपमध्ये बसवून दिवसभर ठाण्यात बसवून ठेवणं बेकायदा आहे.

मारहाण झालेल्यानं मजिस्ट्रेटसमोर गप्प राहू नये. मुंबईतल्या पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयानं १९८३ मध्ये सांगितलं की, आरोपीला प्रथम हजर करताना ‘कोठडीत छळ झाला का’ हे दंडाधिकाऱ्यांनी स्वतः विचारलं पाहिजे आणि वैद्यकीय तपासणीचा हक्क त्याला समजावून सांगितला पाहिजे. विचारलं नाही, तर आपण सांगावं. अंगावरचे वळ चार दिवसांत पुसले जातात, पण न्यायालयाच्या नोंदीत आलेलं वाक्य पुसता येत नाही. अटक न करताच सोडून दिलं असेल, तर त्याच दिवशी शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात जावं, ‘पोलिसांनी मारलं’ असंच सांगावं आणि तशीच नोंद करून घ्यावी. ‘पडलो’ असं सांगणाऱ्याची केस तिथंच अर्धी संपते.

पोलीस ठाण्यात मोबाईलवर चित्रीकरण केलं तर गोपनीयता कायद्याखाली गुन्हा होतो, हा धाक सर्रास घातला जातो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं की, त्या कायद्यातल्या ‘प्रतिबंधित जागे’त पोलीस ठाणं येत नाही, पुढं औरंगाबाद खंडपीठानंही तेच म्हटलं. सीसीटीव्हीबद्दलही अज्ञान फार आहे. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्याचं प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा कॅमेऱ्याखाली आणायला सांगितलं, चित्रण १८ महिने जपायचा आदेश दिला आणि ते जपून ठेवायला लावण्याचा हक्क पीडिताला आहे, हेही नमूद केलं. अनेक ठिकाणी कॅमेरे बंद असतात, ही रड खरी आहे. तरीही घटनेच्या तारखेचं आणि वेळेचं चित्रण जपून ठेवा, असा लेखी अर्ज लगेच द्यावा. मग ‘कॅमेरा बंद होता’ याचं उत्तर ठाण्याला द्यावं लागतं.

‘सावकाश करू’ हा गैरसमज सर्वांत महाग पडतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ नुसार, कर्तव्याच्या आवरणाखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर खटला किंवा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. सरकारच्या पूर्वपरवानगीनं खटल्यासाठी ती मुदत दोन वर्षांपर्यंत जाते. मानवी हक्क आयोगाला एका वर्षापूर्वीच्या घटनेची चौकशी करता येत नाही. राज्य मानवी हक्क आयोग मुंबईत आहे, तक्रारीला शुल्क नाही, मराठीत साध्या कागदावर लिहिली तरी चालते. त्याचे आदेश शिफारशीच्या स्वरूपाचे असतात, हे माहीत असून जावं. त्याखेरीज २०१४ च्या दुरुस्तीनं महाराष्ट्रात पोलीस तक्रार प्राधिकरण आलं. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी, जमीन बळकावणं अशा तक्रारी तिथं नेता येतात.

मोठ्या न्यायालयात गरिबाचं कोण ऐकतं, असं वाटत असेल तर परभणीचं प्रकरण आठवावं. सोमनाथ सूर्यवंशी यांचा डिसेंबर २०२४ मध्ये कोठडीत मृत्यू झाला. आईनं लढा सोडला नाही. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं गुन्हा नोंदवायला सांगितलं, आणि सरकारनं दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयात त्याच महिन्यात फेटाळलं गेलं.

परदेशी गेलेल्या मुलांच्या घरी ‘आपलं कोण ऐकतं’ याच्या उलट समज असतो: तिथं पोलिसांनी पकडलं तर आपला दूतावास सोडवून आणेल. दूतावास सोडवत नाही. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या अनुच्छेदानुसार अटकेतल्या माणसाला ‘माझ्या वकिलातीला कळवा’ म्हणता येतं, अधिकारी त्याला भेटू शकतात, वकील मिळवून देऊ शकतात. कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात पाकिस्ताननं हाच हक्क मोडला, असं आंतरराष्ट्रीय न्यायालयानं १७ जुलै २०१९ ला सांगितलं. छळाविरुद्धची दाद मात्र त्या देशाच्या कायद्यानंच मागावी लागते. घरच्यांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपावा.

आणि वकिलाच्या फीचं काय? स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि कोठडीत असलेला कोणीही, यांना उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चानं वकील मिळतो. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते, फोन १५१०० आहे. ज्यांना चार ओळी लिहिता येतात त्यांनी पाड्यावरच्या शेजाऱ्याला अर्ज लिहून द्यावा, त्याच्यासोबत टपाल कार्यालयात जावं आणि स्पीड पोस्टाची पावती त्याच्या हातात द्यावी.