शीतल महाजन : पट्ट्याच्या आधारापासून मुक्त पतनापर्यंत

पॅराशूटने उतरणाऱ्या स्त्रियांची परंपरा विमानापेक्षाही जुनी असून, १७९९ साली फ्रान्समध्ये जान लाब्रोस यांनी फुग्यातून, तर भारतात १९५९ साली हवाई दलातील डॉक्टर गीता चंदा यांनी विमानातून उडी घेतली होती. पुण्याच्या शीतल महाजन यांनी ही परंपरा ध्रुवप्रदेशापर्यंत नेली.

१८ एप्रिल २००४ रोजी, पारा उणे ३७ अंश सेल्सिअसवर असताना, त्यांनी उत्तर ध्रुवावर रशियन हेलिकॉप्टरमधून सुमारे २,४०० फुटांवरून उडी घेतली आणि ती त्यांच्या आयुष्यातील पहिलीच उडी होती. ही उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २,७०० फुटांवर असलेल्या रायगडाच्या माथ्याहूनही कमी असल्याने वाचकाला तिची सहज कल्पना करता येईल. अशा उडीत छत्री उघडण्याचे काम नवशिक्यावर न सोपवता 'स्टॅटिक लाइन' वापरतात, म्हणजे हेलिकॉप्टरला एका टोकाने अडकवलेला पट्टा माणूस बाहेर पडताच ताणला जातो आणि छत्री आपोआप उघडते.

सरावाविना थेट ध्रुवावर उतरणे हे धाडस खरे, पण ते अनुकरणीय मात्र नव्हे. कौशल्याच्या दृष्टीने १५ डिसेंबर २००६ रोजी अंटार्क्टिकावर ११,६०० फुटांवरून घेतलेली उडी अधिक मोलाची मानावी लागेल. ती मुक्त पतनाची उडी होती. मुक्त पतनात छत्री मिटलेलीच असते, शरीराचा वेग वाढत जाऊन हवेचा विरोध वजनाइतका झाला की तो ताशी सुमारे २०० किलोमीटरवर स्थिरावतो, आणि हातापायांच्या ठेवणीने तोल सांभाळत, मनगटावरील उंचीमापकावर नजर ठेवून योग्य क्षणी छत्री स्वतःच उघडावी लागते.

२०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तरी घरोघरी त्यांचे नाव पोहोचले ते २०१८ मध्ये थायलंडात नऊवारी नेसून घेतलेल्या उडीमुळे. ती केवळ हौस समजणे अन्यायाचे होईल, कारण वाऱ्याने फडफडणारे सुटे कापड छत्री उघडण्याच्या मुठीवर आले तर जिवावर बेतू शकते आणि म्हणून लुगडे अंगालगत पक्के बांधावे लागते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून उडी घेतली आणि विरळ हवेत छत्री अधिक वेगाने खाली येत असतानाही त्या कालापत्थर येथे, १७,००० फुटांहून अधिक उंचीवर, सुखरूप उतरल्या.