सांगाड्याला गेलेला तडा

पिस्तूल म्हटले की सामान्य माणसाची नजर नळीकडे जाते. गोळी तेथून सुटते, तेव्हा हे स्वाभाविकच होय. कायद्याची नजर मात्र अन्यत्र असते. अमेरिकेच्या १९६८ च्या शस्त्रनियंत्रण कायद्याने 'शस्त्र' या संज्ञेत पिस्तुलाच्या सांगाड्याचा, म्हणजे कारागीर ज्याला फ्रेम म्हणतात त्या भागाचा, स्वतंत्रपणे समावेश केला. नळी, स्प्रिंगा, मॅगझीन हे सारे सुटे भाग. सांगाडा मात्र नुसता हाती असला तरी कायद्याच्या लेखी ते शस्त्रच. अनुक्रमांक त्यावरच कोरलेला असतो. नळी खराब झाली तर नवी बसविता येते आणि पिस्तूल तेच राहते. सांगाडाच सदोष निघाला तर बदलायचे काय, असा पेच उभा राहतो. तो बदलणे म्हणजे कायद्याच्या भाषेत एक शस्त्र टाकून दुसरे घेणे होय.

असा दोष येतो कोठून? पूर्वी सांगाडे पोलादाचेच असत. वजन कमी करावे म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यापासून अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू आला आणि त्यानंतर पोलादी पट्ट्या बसविलेले प्लॅस्टिक आले. धातूत पोकळी राहिली, पाणी देताना उष्णतेचे मान चुकले, भोक केसभर सरकले किंवा ज्या खाचांतून स्लाइड मागेपुढे धावते त्या खाचांचे माप चुकले, की त्या खेपेतील सारा माल एकाच रोगाने ग्रासलेला निघतो. बाह्यतः वस्तू सुबक दिसते. प्रत्येक गोळीबरोबर स्लाइड मागे आदळते, तो धक्का सांगाडा सोसतो, आणि शे-पाचशे गोळ्यांनंतर एखाद्या कोपऱ्यात केसासारखी चीर उमटते. झीज आणि दोष यांतील भेद येथेच आहे. वीस हजार गोळ्या झाडल्यावर तडा गेला तर ते म्हातारपण म्हणावे. पाचशेव्या गोळीला गेला तर ते जन्मजात व्यंग होय. इंग्लंडात लंडनच्या बंदूकगरांच्या संघाने १६३७ पासून आणि बर्मिंगहॅमच्या परीक्षणगृहाने १८१३ पासून जादा भाराचे काडतूस उडवून शस्त्र पारखण्याची परंपरा चालविली आहे. ती स्तुत्य खरी. परंतु एक-दोन जबर काडतुसांनी दुबळी नळी उघडी पडते, सावकाश वाढणारी चीर उघडी पडत नाही.

पश्चिम जर्मनीच्या सैन्याने वॉल्थरच्या जुन्या पोलादी पिस्तुलाची अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्याची आवृत्ती स्वीकारली. पुढे ती पी-१ या नावाने ओळखली गेली. हलक्या धातूला नळीच्या कुलुपाचा मार सोसवेना. १९७० च्या दशकात त्या जागी एक आडवा पोलादी खिळा घालण्यात आला आणि प्रश्न मिटला. गाजावाजा फारसा झाला नाही. सैन्याचा माल, सैन्याचाच बंदोबस्त.

याहून बोधप्रद कथा आहे ती बेरेटाची. १९११ पासून सेवेत असलेल्या कोल्टच्या जागी अमेरिकी सैन्याने १९८५ मध्ये या इटालियन कंपनीचे पिस्तूल निवडले, त्याला एम-९ हे नाव दिले आणि तीन लाखांहून अधिक नगांची मागणी नोंदविली. दोन-तीन वर्षांतच नौदलाच्या 'सील' पथकात विपरीत घडले. गोळी झाडताना स्लाइड मधोमध मोडून तिचा मागील तुकडा नेमबाजाच्या तोंडावर आला. एकाचा दात तुटला, इतरांना टाके घालावे लागले. अमेरिकी काँग्रेसच्या हिशेबतपासणी कार्यालयाने १९८८ मध्ये यावर अहवाल दिला. त्यात स्लाइड मोडण्याचे १४ प्रकार नोंदले होते. पैकी तीन प्रत्यक्ष वापरातील आणि बाकीचे प्रयोगशाळेतील. सांगाड्याला तडे जाण्याचा प्रश्नही याच काळात पुढे आला. मग वाद जुंपला. धातूत पुरेसा चिवटपणा नव्हता, असे सैन्याचे म्हणणे. तुमच्या काडतुसांचा दाबच प्रमाणाबाहेर होता, असे कंपनीचे.

या वादात कोण किती खरे हा प्रश्न आम्हांला दुय्यम वाटतो. महत्त्वाचे ते हे की वाद मिटण्याची वाट न पाहता रचनेतच बदल झाला. हॅमरच्या खिळ्याचे डोके मोठे केले गेले आणि ते अडकावे म्हणून स्लाइडला खाच दिली गेली. स्लाइड मोडलीच तरी तुकडा आता माणसाच्या तोंडापर्यंत पोहोचत नाही.

सैन्यापाशी प्रयोगशाळा असते आणि पुढचा हप्ता रोखून धरण्याची ताकदही असते. एकट्यादुकट्या गिऱ्हाइकापाशी यांतले काय असते? अमेरिकेत मोटार सदोष निघाली तर ती परत बोलावण्याचा हुकूम सरकार देऊ शकते, खेळण्याच्या बाबतीतही देऊ शकते. ग्राहकोपयोगी मालाच्या सुरक्षिततेसाठी १९७२ च्या कायद्याने तेथे आयोग स्थापन झाला. पण बंदुका त्याच्या कक्षेतून मुद्दाम वगळल्या गेल्या. बाहुलीचा डोळा निखळला तर सरकार धावून येते, पिस्तूल फुटले तर येत नाही! उरतो तो न्यायालयाचा मार्ग आणि कंपनीची सद्बुद्धी. ब्राझीलच्या टॉरस कंपनीविरुद्ध असा दावा झाला. पिस्तूल खाली पडताच गोळी सुटते ही त्यातील मुख्य तक्रार होती. २०१५ मध्ये समेट होऊन नऊ नमुन्यांची, सुमारे दहा लाख पिस्तुले त्याच्या कक्षेत आली. दोष मात्र कंपनीने मान्य केला नाही. २०१७ मध्ये सिग साउअरच्या पी-३२० पिस्तुलाबाबत, विशिष्ट कोनात पडल्यास गोळी सुटते असे चाचण्यांत आढळले, तेव्हा कंपनीने जाहीर केली ती 'ऐच्छिक सुधारणा'. 'परत मागवणे' हा शब्द कटाक्षाने टाळला गेला. शब्दांची ही काटकसर वकिलांच्या सल्ल्याने होत असावी, असा तर्क वाचकांनीही केला असेल.

आपल्याकडील स्थिती काय? आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष मालाबद्दल उत्पादकाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण प्रथमच घातले. ते २०२० च्या जुलैपासून अंमलात आले. उत्पादनातील दोष हा त्यात दायित्वाचा पहिलाच आधार मानला आहे. 'उत्पादन' या शब्दाच्या व्याख्येतून मानवी ऊती, रक्त, रक्तजन्य पदार्थ आणि अवयव एवढेच वगळले आहेत; बंदूक वगळलेली नाही. धोकादायक माल परत घेण्याचा आदेश केंद्रीय प्राधिकरण देऊ शकते. कागदोपत्री आपला ग्राहक अमेरिकेतील ग्राहकाहून सुरक्षित आहे. परंतु आपल्याकडे परवान्याच्या पिस्तुलांचा मोठा उत्पादक सरकारच आहे. इशापूर आणि कानपूरचे कारखाने २०२१ च्या ऑक्टोबरपासून सरकारी कंपनीच्या रूपात चालतात. १९९९ च्या कारगिल संघर्षात इन्सास रायफलीची मॅगझिने थंडीने तडकल्याच्या तक्रारी जवानांनी केल्या, तेव्हा त्या चव्हाट्यावर यायला युद्ध व्हावे लागले. सरकारच्या एका हाताने सरकारच्याच दुसऱ्या हाताला माल परत घेण्याचा हुकूम द्यायचा, हे दृश्य अद्याप आम्ही पाहिलेले नाही. ते पाहण्याची आमची तयारी आहे.

गोमंतकात शेताच्या राखणीसाठी आणि स्वसंरक्षणासाठी परवान्याची शस्त्रे बाळगणारे गृहस्थ आहेत. निवडणुका आल्या की पोलीस ठाण्यात ती जमा होतात आणि नंतर परत मिळतात. त्या वेळी तेल-फडका करताना चापाच्या वरची बाजू व स्लाइडच्या खाचा उजेडात निरखून पाहाव्यात. चीर आढळली तर एकही गोळी न झाडता शस्त्र रिकामे करावे, छायाचित्र घ्यावे, खरेदीची पावती शोधून काढावी आणि विक्रेत्यास लेखी कळवावे. गावच्या लोहाराकडून डाग देऊन घेण्याचा मोह होईल, तो आवरावा. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमान्वये परवान्याखेरीज कोणालाही व्यवसाय म्हणून शस्त्र दुरुस्त करता येत नाही, आणि डाग देताना अनुक्रमांक खरवडला गेला तर ओळखचिन्ह पुसल्याचे बालंट मालकावरच यायचे.

कारखान्याने सांगाडा बदलून दिला तर नव्या सांगाड्यावर नवा क्रमांक येईल, आणि परवान्यावर मात्र जुनाच राहील. तेव्हा नवे पिस्तूल घरी आणण्यापूर्वी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडून तो फेरबदल लिहून घ्यावा, कारखान्याचे पत्र त्याला जोडावे आणि एक प्रत स्वतःपाशी ठेवावी.