करकर की कटकट?

पावसाळा सरला आणि माझ्या सायकलीतून आवाज येऊ लागला. करक्... करक्... पायडलाच्या दर फेरीला एकदा, उजवा पाय खाली जाताना. चढावर जोरात, उतारावर गप्प. आवाज पायाखालून, म्हणजे क्रँकच्या आसापासून येतोय याबद्दल माझ्या कानांना जराही शंका नव्हती. मी क्रँक आसावर पक्का धरणारी कॉटर पिन ठोकून घट्ट केली, मग नवीच घातली. बी.बी., म्हणजे त्या आसाचं बेअरिंग, उघडून छर्रे पुसले, ताजं ग्रीस भरलं. आवाज होता तसाच. डबल स्टँडवर लावून हाताने पायडल फिरवलं की सायकल अगदी मुकी. बसून गल्लीच्या टोकापर्यंत गेलो की पुन्हा करक्.

शेवटी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. आधी विचारलं, "करकर वाजतंय की कटकट?"

"करकर."

"मग उभं राहून पायडल मारा. एक चक्कर टाकून या."

सीटवरून उठलो, उभ्यानेच चार पायडलं मारली, आणि आवाज बंद! दोष सीटखालच्या क्लॅम्पमध्ये होता. क्रँकपासून चांगला दोन फूट वर. काकांनी क्लॅम्प सोडवला, आतला गंज पुसला, बोटभर ग्रीस लावलं, नट आवळला. पाच मिनिटांचं काम. माझ्या मनात मात्र प्रश्न राहिला: कान दोन फुटांनी चुकले कसे?

उत्तर शोधत गेलो तेव्हा कळलं की सायकल ही कानांसाठी फारच अवघड जागा आहे. दिशा आपल्याला कळते ती मुख्यतः दोन कानांमुळे. डावीकडचा आवाज डाव्या कानाला आधी ऐकू येतो, उजव्याला नंतर. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढा असतो, आणि त्याहूनही कितीतरी बारीक फरक मेंदू टिपतो. शिवाय डोकं मध्ये येत असल्यामुळे लांबच्या कानाला काही आवाज मंद ऐकू येतात. या दोन खुणांवर आपण दिशा ओळखतो, हे लॉर्ड रॅली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०७ साली मांडलं.

आता सायकलवर बसलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. हँडल, चिमटा, क्रँक, सीट, दोन्ही चाकं, सगळं त्याच्या नाकाच्या सरळ रेषेत. डावी-उजवीकडे सरकलेलं असलंच तर वीतभर. त्यामुळे आवाज कुठूनही निघो, दोन्ही कानांना तो जवळजवळ एकाच क्षणी मिळतो. डावं-उजवं सांगणारी ती अफाट यंत्रणा इथे निकामी. उरतो प्रश्न वर की खाली, आणि तिथे आपण कच्चे आहोत. कानाच्या पाळीच्या घड्या थोडी मदत करतात, पण ती बारीक, तीक्ष्ण आवाजांसाठी. करकरीसारख्या जाड आवाजाला त्यांचा फारसा उपयोग नाही. गव्हाणी घुबडाला ही अडचण नाही. त्याच्या कानांची भोकं एक वर, एक खाली अशी असतात, म्हणून वर-खालीही त्याला फरकाने ऐकू येतं आणि मिट्ट काळोखात ते नुसत्या खसफशीवरून उंदीर उचलतं.

त्यात भर सायकलच्या सांगाड्याची. पोलादातून आवाज सेकंदाला सुमारे ५ हजार मीटर धावतो, हवेत साधारण ३४० मीटर. सीटखाली झालेली करकर क्षणार्धात सगळ्या नळ्यांत पसरते, आणि नळ्या पोकळ. तंबोऱ्याची तार एका जागी छेडली जाते, पण घुमतो भोपळा. सायकलचंही तसंच आहे. वाजतं एकीकडे, घुमतं भलतीकडे.

मुळात करकर म्हणजे काय, हे समजलं तेव्हा तर मी थक्क झालो. सीटच्या क्लॅम्पमध्ये लोखंडावर लोखंड दाबून बसलेलं असतं. डोळ्यांना गुळगुळीत दिसणारं ते लोखंड जवळून पाहिलं तर डोंगरदऱ्यांनी भरलेलं. एकाची शिखरं दुसऱ्याच्या शिखरांवर टेकलेली. उजवा पाय दाबला की कंबर किंचित कलते, तिच्याबरोबर सीट पिळली जाते. आधी काहीच सरकत नाही, कारण थांबलेल्याला हलवायला जास्त जोर लागतो. ताण साठत जातो. मग एकदम सुटतो, लोखंड केसभर सरकतं आणि पुन्हा अडकतं. अडक, सुट, अडक, सुट, एका सेकंदात शेकडो वेळा. तीच करकर. पावसाने ग्रीस धुऊन नेलं होतं, म्हणून ती आत्ता सुरू झाली. आणि स्टँडवर आवाज येत नव्हता, कारण सीटवर वजनच नव्हतं. दाब जितका, तितकं घर्षण, हे आमाँताँ या फ्रेंच संशोधकाने १६९९ सालीच सांगून ठेवलंय.

व्हायोलिनचा गज तारेवर हेच करतो. राळ लावायची ती तार नीट अडकावी म्हणून. दाराची बिजागरी हेच करते. आणि १९६६ साली ब्रेस आणि बायर्ली या दोन भूशास्त्रज्ञांनी असं मांडलं की जमिनीखालचे खडकही असेच अडकत-सुटत असावेत, आणि त्यांच्या सुटण्यालाच आपण भूकंप म्हणतो. पुढच्याच वर्षी, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोयना हादरली. वर्षानुवर्षं साठलेला ताण काही क्षणांत सुटला होता. सीटखालची करकर आणि कोयनेचा तो हादरा, दोहोंच्या मुळाशी घर्षणाचा एकच नियम आहे, हे अजूनही मला पटकन पचत नाही.

म्हणूनच काकांचा पहिला प्रश्न मला इतका मोलाचा वाटतो. आपल्या भाषेने आवाजांना दिलेली नावं म्हणजे अर्धं निदान आहे. करकर म्हणजे घट्ट बसलेलं काहीतरी अडकत-सुटत सरकतंय. कटकट म्हणजे सैल झालेलं काहीतरी आपटतंय, बहुतेकदा कॉटर पिन. खरखर म्हणजे घासतंय: मडगार्ड, ब्रेकचं रबर, चेनकव्हर. चूंचूं म्हणजे कोरडं पडलंय, तेल मागतंय. खुळखुळ म्हणजे नट सुटून कुठेतरी नाचतोय.

दुसरा प्रश्न 'कुठून' असा विचारायचाच नाही, 'केव्हा' असा विचारायचा. जागेच्या बाबतीत कान फसतात, तालाच्या बाबतीत सहसा नाही. माझ्या सायकलीला पुढे ४४ दाते आहेत, मागे १८. म्हणजे पायडलाच्या एका फेरीत मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. चेनच्या कड्या ११२. तिला एक फेरा पुरा करायला पायडलाच्या अडीच फेऱ्या लागतात. तेव्हा दर फेरीला एक आवाज आला तर पायडल, क्रँक किंवा सीट. एका फेरीत दोन-अडीच आले तर चाक; एखादी तार सैल झाली असेल किंवा आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायला हवा असेल. आणि अडीच फेऱ्यांनी एकदाच आला, तर ११२ मधली एक कडी आखडली आहे! सायकलीला हात न लावता, नुसतं मोजून हे कळतं.

एवढं करून एकेक वजन काढून बघायचं. सीटवरून उठा. मग बसा आणि हँडलवरचा जोर कमी करा. मग पायडल मारणं थांबवून नुसतं गडगडत जाऊ द्या. ज्या क्षणी आवाज थांबेल, त्या क्षणी जे मोकळं झालं तेच दोषी. पाना त्यानंतर.

करकर बहुधा ग्रीसने मिटते. पण हँडल, चिमटा किंवा दांडीच्या जोडाजवळ नवी करकर ऐकू आली आणि साफ करून, आवळूनही थांबली नाही, तर तिथला रंग नीट निरखून पाहा. केसासारखी रेघ दिसली तर तो तडा असू शकतो. त्या सायकलवर पुन्हा बसू नका, हातात धरून चालत दुकानापर्यंत न्या.